काळजीवाहकांचं प्रशिक्षण: एलजीबीटी ज्येष्ठांशी भेदभाव होऊ नये म्हणून नेमकं काय शिकवावं?

सांजसावली

नमस्कार मंडळी. मी निवासी काळजी केंद्रात २२ वर्षं नर्सिंग करते, त्यातली शेवटची ९ इन-चार्ज म्हणून. पुढच्या महिन्यात आमच्या सगळ्या कर्मचाऱ्यांसाठी दोन तासांचं प्रशिक्षण घ्यायचं आहे: समलिंगी, उभयलिंगी (स्त्री-पुरुष दोघांचंही आकर्षण असणारे), पारलिंगी (जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा स्वतःची ओळख वेगळी असणारे) ज्येष्ठांची सेवा करताना भेदभाव कसा टाळायचा. हे काम मला कुणी दिलेलं नाही, मी मागून घेतलंय. का, ते आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे ७८ वर्षांच्या एक आजी आल्या. मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, उठबस बंद. त्यांच्याकडे रोज सकाळी साडेआठला एक बाई यायच्या, साधारण त्यांच्याच वयाच्या. आल्या की आधी आजींचे केस विंचरून वेणी घालायच्या, मग बोलायला बसायच्या. आमच्या फॉर्मवर नात्याचे रकाने होते: पती, पत्नी, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण आणि शेवटी 'इतर'. त्या बाईंनी 'इतर'वर खूण केली होती आणि पुढे लिहिलं होतं 'मैत्रीण'. नातेवाईक म्हणून एका पुतण्याचा नंबर होता.

पंधराव्या रात्री आजींची तब्येत अचानक ढासळली. मी पुतण्याला फोन लावला, त्याने उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. त्या बाईंचा नंबर त्याच कागदावर दोन ओळी खाली होता. मी तो लावला नाही. 'नातेवाईकांना कळवावे' असा नियम होता, आणि मैत्रीण काही नातेवाईक नसते. पहाटे आजी गेल्या. साडेआठला त्या बाई नेहमीसारख्या कंगवा घेऊन आल्या, तेव्हा पलंग मोकळा झाला होता आणि गादी उन्हात टाकलेली होती.

दोघी ४१ वर्षं एका घरात राहत होत्या, हे मला त्यानंतर कळलं.

आमच्यापैकी कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नव्हतं. म्हणून 'आपल्याकडे भेदभाव होतच नाही, प्रशिक्षण कशाला' असं वरून विचारलं गेलं तेव्हा मी या रात्रीची हकीकत सांगितली.

आता मूळ प्रश्न. या विषयावरची जी प्रशिक्षणं मी पाहिली त्यांत पाऊण तास व्याख्या असतात. एल म्हणजे काय, जी म्हणजे काय, टी म्हणजे काय. मग झेंड्याचं चित्र आणि प्रमाणपत्र. आठवड्याभरात सगळं विसरलं जातं. त्या रात्री माझ्याकडून तो दुसरा फोन लागला असता, असं काय शिकवता येईल? ज्यांनी हे काम केलंय, ज्यांनी अशी सेवा घेतली आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

पायवाट

घटना वाचून वाईट वाटलं. पण एक शंका मनापासून विचारतो, राग मानू नका. मी घरोघरी मदतनीस पाठवण्याचं काम बघतो. माझी माणसं सगळ्यांना सारखंच वागवतात. कोणाचं खासगी आयुष्य काय आहे हे आम्ही विचारत नाही आणि विचारू नये असंच शिकवतो. मग हे वेगळं प्रशिक्षण म्हणजे उलट लोकांच्या खासगीत डोकावणं होत नाही का? वयाच्या ७५-८० व्या वर्षी कुणाला या चौकशा हव्या असतात?

रात्रपाळी

पायवाट, मी १४ वर्षं रात्रपाळीला मदतनीस आहे. 'आम्ही विचारत नाही' हे खरं नसतं हो. पहिल्या दहा मिनिटांत आम्ही काय बोलतो ते आठवून बघा. 'आजी, मिस्टर कधी गेले?' 'मुलं कुठे असतात?' 'लग्न नाही केलं? का बरं?' हे आम्ही मायेनं विचारतो, ओळख व्हावी म्हणून. पण ज्यांच्याकडे या प्रश्नांचं सरळ उत्तर नाही त्यांना तिथल्या तिथे ठरवावं लागतं, खोटं बोलायचं की गप्प बसायचं. आणि एकदा खोटं बोललं की ते रोज सांभाळावं लागतं, त्याच माणसासमोर, जो तुमचं डायपर बदलतो.

मी माझ्यापुरता एक बदल केला. आता विचारतो, 'तुमच्या जवळचं कोण आहे? कोणाची आठवण येते?' एवढंच. ज्याला नवऱ्याबद्दल सांगायचंय तो नवऱ्याबद्दल सांगतो. एका काकांनी दोन महिने काहीच सांगितलं नाही, मग एका रात्री झोप येईना तेव्हा एक नाव सांगितलं. मी फक्त 'कसे होते ते?' असं विचारलं. तासभर बोलले.

सांजसावली

रात्रपाळी, हे वाक्य मी जसंच्या तसं उचलणार आहे. चालेल ना?

पायवाट, राग कशाला? तुमची शंका आमच्या निम्म्या स्टाफच्या मनात आहे, ती इथे मांडलीत हे बरंच झालं. आम्हीही 'सगळे सारखे' म्हणायचो. पण ते सारखेपण असं होतं की प्रत्येकाला नवराबायको-मुलंबाळं असणारच असं धरून चालायचं. तो फॉर्म सगळ्यांना सारखाच होता.

जुनीवही

बरेच दिवस इथे फक्त वाचत होतो, आज लिहितोय. मी ७१ वर्षांचा समलिंगी पुरुष आहे. माझा जोडीदार ७४चा.

'८० व्या वर्षी कुणाला या चौकशा हव्यात' या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर आमच्या पिढीने काय पाहिलं ते तुमच्या लोकांना सांगा. वीस मिनिटं द्या त्याला, व्याख्या कमी करा. अ‍ॅलन ट्युरिंगसारख्या गणितज्ञाला १९५२ साली इंग्लंडमध्ये याच 'गुन्ह्या'साठी दोषी ठरवलं आणि तुरुंगाऐवजी संप्रेरकांची इंजेक्शनं घ्यायला लावली. दोन वर्षांत तो गेला. इंग्लंड-वेल्समध्ये हा कायदा सैल व्हायला १९६७ उजाडलं. जर्मनीचं कलम १७५ पूर्ण जायला १९९४. भारतात ६ सप्टेंबर २०१८. अमेरिकन मानसोपचार संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९७३ मध्ये काढली, जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये. म्हणजे आज जो ८० वर्षांचा आहे, त्याच्या विशी-तिशीत पोलीस त्याला गुन्हेगार म्हणत होते आणि डॉक्टर रोगी. 'बरं करण्यासाठी' विजेचे झटके दिले जायचे, तेही इस्पितळात. अशा माणसाच्या खोलीत युनिफॉर्म घातलेलं कुणी शिरलं की त्याच्या पोटात गोळा येतो. समोरची सिस्टर कितीही प्रेमळ असो, हे तिला दिसत नाही. तिला वाटतं, आजोबा तुसडे आहेत.

आता घरची गोष्ट. मागे माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा सकाळी आठला एक मदतनीस यायचा. पावणेआठला माझा जोडीदार आपली उशी आणि पांघरूण उचलून बाहेरच्या खोलीत दिवाणावर नेऊन ठेवायचा. नुसतं ठेवायचा नाही, थोडं चुरगाळायचा, कुणी झोपून उठल्यासारखं दिसावं म्हणून. स्वतःच्या घरात, ७४ व्या वर्षी, पाठ दुखत असताना. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी तो मुलगा साडेसातलाच आला. आम्ही दोघंही गडबडलो. त्याने पलंगावरच्या दोन उशा पाहिल्या. काही बोलला नाही. चादर बदलली, दोन्ही उशांना धुतलेले अभ्रे घातले आणि विचारलं, 'काका, तुमची बाजू कोणती? त्या बाजूला वॉकर ठेवतो.'

त्या रात्री आम्ही दोघं बराच वेळ जागे होतो. त्याला कुणी शिकवलं होतं की त्याचा स्वभावच तसा, मला ठाऊक नाही. पण शिकवता येत असेल तर हे शिकवा.

अबोली

जुनीवही, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुमच्या जोडीदारांना माझा नमस्कार सांगा.

मी पारलिंगी स्त्री, वय ६४. मला भाषेबद्दल लिहायचंय, कारण इंग्रजीतून आलेल्या प्रशिक्षणात सगळा भर सर्वनामांवर असतो आणि आपल्याकडे खरी अडचण क्रियापदात आहे. मराठीत तुम्ही तोंड उघडलं की समोरच्याचं लिंग ठरवून टाकता. 'कसे आहात' की 'कशा आहात'? ड्युटी बदलताना सांगायचं तर 'ते झोपले' की 'त्या झोपल्या'? काका की काकू? एकेका दिवसात शंभर वेळा.

त्यावर उपाय मराठीतच आहे. माहीत नसेल तोवर 'झोप लागली का?', 'बरं वाटतंय का?', 'आलात?', 'बसा ना' असं बोला. आदरार्थी बोलण्यातली कितीतरी वाक्यं लिंग न सांगता बोलता येतात. आणि पहिल्याच भेटीत विचारून टाका: 'तुम्हाला काय म्हणून हाक मारू?' पण उत्तर कळल्यावर मात्र मोकळेपणाने 'कशा आहात ताई' म्हणा. कळूनही कायम मोघम बोलत राहणं, हे आम्हाला लगेच कळतं आणि लागतं.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. शुद्धीवर येत असताना दोन अटेंडंट माझ्या डोक्यावरून बोलत होते: 'हा कुशीवर वळला का? याला पाणी नको देऊस.' कागदावर नाव बाईचं होतं. मला बोलता येत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं. तिसऱ्या दिवशी स्पंज (ओल्या कापडाने अंग पुसणं) चालू असताना दार उघडून एक बाई आत आली. टॉवेल हवा म्हणाली. टॉवेल माझ्या पायाशी होते, तिने घेतला नाही. बघून गेली. अर्ध्या तासाने दुसरी आली.

तुमच्या दोन तासांतली पंधरा मिनिटं या टॉवेलला द्या, सांजसावली. स्पंज देताना खोलीत कोण असावं, दार कोण धरेल, कामाशिवाय आलेल्या सहकाऱ्याला तोंडावर 'तू बाहेर थांब' असं कोण म्हणेल, हे ठरवून द्या. लोकांना मनात वाटतं की हे बरं नाही, पण सहकाऱ्याला अडवायचं धाडस होत नाही. ते शब्द तोंडात बसायला सराव लागतो.

आणि एक बारीकशी गोष्ट. माझ्यासारख्या कितीतरी जणींच्या चेहऱ्यावर केस येतात. हात थरथरायला लागले की स्वतः दाढी करता येत नाही. पलंगाला खिळलेल्या पारलिंगी बाईची दाढी रोज सकाळी, कुणी भेटायला यायच्या आत करून देणं हे औषध देण्याइतकंच महत्त्वाचं धरा. चार दिवसांनी एकदा, वेळ मिळेल तेव्हा, असं नको.

निशिगंध

मी वृद्धांवर उपचार करणारी डॉक्टर आहे. अबोलीताईंच्या लिहिण्याला जोडून वैद्यकीय बाजू सांगते. प्रशिक्षणात ही नेहमी राहून जाते.

पारलिंगी स्त्रीची लिंगबदलाची शस्त्रक्रिया झालेली असली तरी प्रोस्टेट ग्रंथी बहुधा तशीच असते. लघवी अडली, वारंवार लागायला लागली, तर तो विचार करायला हवा. कागदावर 'स्त्री' लिहिलंय म्हणून तो कुणाच्या डोक्यात येत नाही. शस्त्रक्रियेनंतर मूत्रमार्गाची जागा थोडी वेगळी असू शकते, म्हणून कॅथेटर घालताना अंदाजाने प्रयत्न करू नयेत, आधी त्यांना विचारावं किंवा जुने कागद बघावेत. पारलिंगी पुरुषाचं गर्भाशय काढलेलं नसेल तर रक्तस्राव झाल्यावर तो 'अशक्य' म्हणून सोडून देऊ नये. आणि संप्रेरकांची औषधं नातेवाईक म्हणतात म्हणून परस्पर बंद करू नयेत. वयानुसार मात्रा बदलावी लागते हे खरं, अंथरुणाला खिळलेल्या माणसात इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही बघावा लागतो, पण तो निर्णय डॉक्टर आणि रुग्णाने मिळून घ्यायचा.

दुसरं, हातमोजे. समलिंगी पुरुष म्हटलं की काही कर्मचारी दोन-दोन मोजे चढवतात, ताट लांबून सरकवतात. एचआयव्ही स्पर्शाने, भांड्यांनी, चादरींनी पसरत नाही. रक्ताशी, स्रावांशी संबंध येतो तिथे जी काळजी सगळ्यांच्या बाबतीत घ्यायची, तीच इथे. १९९६ पासून एकत्रित औषधोपचार आले आणि त्यामुळे एचआयव्हीसह जगणारी माणसं आज म्हातारी होत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. नियमित औषधांनी रक्तातलं विषाणूंचं प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतकं खाली गेलं की लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. तुमच्या लोकांना हे माहीत असायला हवं. मात्र त्या औषधांचं इतर गोळ्यांशी पटतं का, हे दरवेळी तपासा.

तिसरं, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. यावर खरं तर वेगळा धागा हवा. माणूस आयुष्यभर जे झाकत आला ते झाकायचं असतं हेच तो विसरतो. भर हॉलमध्ये जोडीदाराला हाक मारतो. कधी उलटं होतं: आपण सगळ्यांना सांगितलं होतं हे विसरून पुन्हा तीच जुनी भीती. पारलिंगी माणूस एखाद्या दिवशी स्वतःचं जुनं नावही सांगू शकतो. अशा वेळी दुरुस्त करत बसू नका. त्या क्षणी ते जे सांगतात ते धरून बोला, पण त्यावरून फाइलमधलं नाव बदलू नका. उद्या सकाळी त्या पुन्हा स्वतःच्याच नावाने हाक मागतील.

कलमदान

कायद्याचा अभ्यासक आहे, म्हणून जगात काय झालंय ते थोडक्यात. न्यूयॉर्कमध्ये १९७८ साली सुरू झालेली सेज ही संस्था याच ज्येष्ठांसाठी काम करते आणि काळजी संस्थांच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणही देते. कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये नर्सिंग होममधल्या कर्मचाऱ्यांसाठी असं प्रशिक्षण कायद्यानेच आणलं. तिथल्याच २०१७ च्या कायद्याने खोली कोणती द्यायची, कोणतं स्वच्छतागृह वापरू द्यायचं, भेटायला कुणाला येऊ द्यायचं याबाबत भेदभाव करायला बंदी केली. मॅसॅच्युसेट्समध्येही अशा प्रशिक्षणाचा २०१८ चा कायदा आहे. आणि सांजसावलींच्या घटनेच्या जवळ जाणारी बाब: एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढला की रुग्णाला भेटायला कोण येणार हे रुग्णाने ठरवायचं, रक्ताचं नातं असो वा नसो. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या इस्पितळांना पुढे ते बंधनकारक झालं.

कायदा नसलेल्या ठिकाणीही संस्थेला स्वतःच्या नियमात हे लिहिता येतं, आणि ते लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. 'नातेवाईकांना कळवावे' याऐवजी 'निवासींनी नेमलेल्या व्यक्तीला कळवावे'. एका शब्दाचा फरक आहे.

पायवाट

सगळे प्रतिसाद वाचले. जुनीवहीकाका, तुमच्या उशीची गोष्ट मी आज सकाळी माझ्या दोन मदतनीसांना सांगितली.

तरी एक अडचण राहतेच. माझ्याकडे एक चांगला, कष्टाळू माणूस आहे. तो स्पष्ट म्हणतो की माझ्या धर्मात हे पाप आहे, मी अशा घरी जाणार नाही. त्याला जबरदस्ती करायची का? आणि दुसरं, तुम्ही सगळं कर्मचाऱ्यांबद्दल लिहिताय. त्रास देणारे शेजारच्या पलंगावरचे असतील तर?

कलमदान

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका खटल्यात आहे. इलिनॉयमधल्या एका ज्येष्ठांच्या वसाहतीत एक समलिंगी बाई राहत होत्या, जोडीदार वारल्यावर आलेल्या. इतर रहिवाशांनी त्यांना शिव्या दिल्या, धक्के मारले, अंगावर थुंकले. तक्रारी केल्यावर व्यवस्थापनाने त्रास देणाऱ्यांना आवरलं नाही, उलट या बाईंचाच सामायिक जागेतला वावर कमी केला. २०१८ मध्ये तिथल्या संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की छळ माहीत असूनही तो थांबवण्यासाठी काहीच केलं नाही तर चालक जबाबदार धरला जाऊ शकतो. म्हणजे 'ते आमचे कर्मचारी नव्हते' हे उत्तर पुरत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल: ऑस्ट्रेलियाने २०१३ च्या दुरुस्तीत धार्मिक संस्थांना इतर बाबतीत सवलती ठेवल्या, पण सरकारी पैशावर वृद्धसेवा देताना सेवा घेणाऱ्याशी भेदभाव करायची मुभा ठेवली नाही. तिथे रेघ कुठे मारली ते पाहण्यासारखं आहे.

रात्रपाळी

पायवाट, हॉलमध्ये कुणी टोमणा मारला तर आम्ही काय करायचो सांगू? ज्याला मारला त्यालाच खोलीत घेऊन जायचो, 'चला काका, आत बसू' म्हणत. त्याला वाचवतोय असं वाटायचं. पण खुर्ची त्याचीच गेली ना! आता टोमणा मारणाऱ्याजवळ जाऊन शांतपणे सांगतो, 'इथे असं बोलायचं नाही', आणि मग त्या काकांच्या शेजारी पाच मिनिटं बसतो. आत नेत नाही.

तुमच्या त्या माणसाबद्दल: त्याला सेवा घेणाऱ्यांच्या समोर बसवा. व्याख्यान देऊन काही होणार नाही. आणि तोवर त्याला अशा घरी पाठवूच नका. मन नसलेल्याचा हात अंगाला लागला तर ते समजतं.

सांजसावली

यावर माझं थोडं वेगळं मत आहे, रात्रपाळी. त्याला 'अशा घरी' पाठवायचं नाही म्हणजे अशी घरं कोणती हे आधी कळायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी ते कधीच कळत नाही. अमेरिकेत २०११ मध्ये ज्येष्ठ, त्यांचे आप्त आणि सेवा देणारे अशा सगळ्यांची मिळून एक पाहणी झाली होती. काळजी केंद्राच्या कर्मचाऱ्यांना आपली ओळख मोकळेपणाने सांगता येईल असं त्यात फक्त २२ टक्के लोकांना वाटलं. उरलेले आज कुणाच्या तरी हातून अंघोळ करत असतील आणि तो हात त्याच माणसाचा असेल. त्यामुळे मी माझ्या लोकांना सांगणार आहे की श्रद्धा तुमची तुमच्यापाशी. पण ड्युटीवर असताना स्पर्श, आवाज आणि वेळ यांत कुणासाठीही काटछाट चालणार नाही.

प्रशिक्षण झालं की इथे येऊन लिहीन.

सांजसावली

मंडळी, कालच पहिली तुकडी झाली. २६ जण होते. जसं झालं तसं लिहिते.

व्याख्यांचा एक कागद छापून हातात दिला, दहा मिनिटांत संपवलं. मग जुनीवहीकाकांनी सांगितलेली सालं फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकाला विचारलं, आपल्या खोल्यांमधल्या निवासींचं त्या साली वय काय होतं? हिशेब करताना खोलीत शांतता झाली. 'म्हणजे ७ नंबरचे आजोबा तेव्हा २२ वर्षांचे होते,' असं एक मुलगी स्वतःशीच म्हणाली.

त्यानंतर तीन प्रसंग करून पाहिले. दाखल करतानाची पहिली दहा मिनिटं, स्पंज, आणि रात्रीचा फोन. स्पंजच्या प्रसंगात एकीला पलंगावर झोपवलं, अंगावर चादर घातली आणि मी टॉवेल मागायला आत गेले. मी इन-चार्ज, म्हणून मला कुणी अडवेना. तीनदा गेले. चौथ्या वेळी एक अटेंडंट उठून दारात उभा राहिला आणि म्हणाला, 'सिस्टर, टॉवेल मी आणून देतो, तुम्ही बाहेर थांबा.' मग सगळ्यांनी एकेकदा ते वाक्य म्हटलं. अबोलीताई, काही जणांचा आवाज पहिल्यांदा फुटतच नव्हता.

रात्रीच्या फोनच्या वेळी मी ती गोष्ट सांगितली. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एक जुन्या मावशी उभ्या राहिल्या. त्या रात्री त्या माझ्याबरोबर ड्युटीवर होत्या. म्हणाल्या, 'सिस्टर, तो दुसरा नंबर मला दिसला होता. त्या बाई रोज मला हसून बोलायच्या, त्यांचं काय ते मला कळलं होतं. पण मला वाटलं, तुम्ही मोठ्या, तुम्हाला माहीत असेल.' आम्ही दोघी इतकी वर्षं एका मजल्यावर काम करतोय आणि यावर कधी बोललो नव्हतो. पुढचा प्रसंग सुरू करायला मला थोडा वेळ लागला.

काय जमलं नाही तेही सांगते. एक जण शेवटपर्यंत म्हणत राहिला की त्याला हे पटत नाही. मी वाद घातला नाही, कामाची अट पुन्हा सांगितली. तो उठून गेला नाही. पुढे काय होतं ते त्याच्या कामात दिसेल. आणि गेटवरच्या माणसाला बदली मिळाली नाही म्हणून तो येऊच शकला नाही. भेटायला आलेल्यांना 'तुम्ही कोण लागता?' असं विचारून सगळ्यात आधी अडवतो तोच. त्याच्याशिवाय हे अर्धवट आहे, म्हणून दुसऱ्या तुकडीची तारीख त्याच्या सुट्टीला जुळवून घेतली आहे.

आणखी एक चूक वेळेवर लक्षात आली. एका सिस्टरने विचारलं की हे कळल्यावर फाइलवर काही खूण करायची का, म्हणजे सगळ्यांना कळेल. हेतू चांगला होता. पण निवासींनी एकीला विश्वासाने सांगितलेलं सगळ्या पाळ्यांना कळणं, तिथून पुतण्यापर्यंत जाणं, हे भयंकर आहे. आता नियम असा की आधी त्यांनाच विचारायचं: 'हे मी आणखी कुणाला सांगितलेलं चालेल?' नाही म्हणाले तर विषय तिथेच थांबला.

जुनीवही

सांजसावली, त्या मावशींना माझा नमस्कार सांगा.

पायवाट

मी माझ्या लोकांसाठी हेच तीन प्रसंग घेणार आहे. घरी जाऊन सेवा देताना 'दाखल करण्या'चा प्रसंग नसतो, त्याऐवजी उशीचा घेईन. तुमच्या नव्या फॉर्मवर नेमकं काय लिहिलंय ते इथे टाकाल का? शब्द तेच ठेवेन म्हणतो.

सांजसावली

टाकते. नात्यांचे छापील पर्याय पूर्ण काढले. त्या जागी हे आहे:

'तुम्हाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल?
तुमच्या जवळच्या व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर. (नातं लिहायचं नसेल तर रकाना मोकळा सोडा.)
रात्री-अपरात्री काही झालं तर सर्वांत आधी कोणाला कळवू? त्यांचा फोन लागला नाही तर कोणाला?
तुमच्याबद्दल काय, कोणाला सांगू नये?'

आज सकाळी एका नव्या काकांनी तो भरला. तिसऱ्या ओळीवर पेन थांबलं. मला विचारलं, 'कितीही वाजता फोन कराल?' मी म्हटलं, 'कितीही वाजता.' मग त्यांनी एक नाव लिहिलं. नात्याचा रकाना मोकळाच ठेवला. नंबरातला एक आकडा नीट वाचता येत नव्हता, तो मी त्यांना विचारून पुन्हा लिहून घेतला.